चाळीसच्या वर जात नाही

मिलमला पोचले तेव्हा ओहोटी होती,
डडनची खाडी नजर जाईल तिथवर नुसती रेती,
आणि हेस्टर टायसन कोळशाच्या खोलीचं दार
खांद्यानं ढकलत म्हणाली,
"बघ. पण आधीच सांगून ठेवते,
ही चाळीस मैलांच्या वर जात नाही."

लॅम्ब्रेटा. एकोणीसशे चौसष्ट.
मूळ रंग कुठला ते विचारायचं नाही:
वर हिरवा, त्याखाली पांढरा,
टवका उडालाय तिथे निवलेल्या चहासारखा एक.
मी गुडघ्यांवर बसले, फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक
पत्र्यावरून फिरवत गेले, डोळ्यांत तेल घालून.
चिकटलं. चिकटलं.
डाव्या पायाखालच्या फळीशी घसरलं.
तिथे पत्रा नाही, लांबी भरलीय.
इंजिनाचा नंबर, सांगाड्याचा नंबर,
दोन्ही कागदाशी जुळले.
किक अर्ध्यात अडली, मग कुरकुरत खाली गेली,
म्हणजे पिस्टनला अजून वाद घालायची हौस आहे.

बॅरोच्या गोदीत मी पाणबुड्यांचे सांधे जोडते.
दिवसभर असं काहीतरी घडवायचं
जे कुणाला दिसू नये, ऐकू येऊ नये.
म्हणून रविवारी मला आवाज लागतो.
यादी डोक्यात तयारच होती:
एकशे शहाऐंशीचा सिलिंडर, तीसचा कार्ब्युरेटर,
बेडूक गिळलेल्या सापासारखा सायलेन्सर,
पुढे डिस्क ब्रेक, कारण मरायचं नाहीये.

तिनं अठराशे पौंड सांगितले. मी बाराशे.
"जॉस हिला स्वतःच्या बनियननं पुसायचा," ती म्हणाली.
मी लांबी दाखवली.
तिनं पुन्हा बनियन काढलं.
शेवटी चौदाशे पन्नास, आणि वर एक हेल्मेट,
ज्यात उंदरानं संसार थाटलेला.

घासाघीस तिथे संपली नाही.
महिनाभर डगल दिवा धरून उभा
आणि मी गोल कानशीनं पोर्ट घासतेय,
थोडं, अजून थोडं,
जास्त गेलं तर गेलं, धातू काही केस नाहीत.
मग जुना कार्ब्युरेटर उतरवला
आणि नळीच्या तोंडाशी, गॅस्केटच्या आड,
सापडली एक चकती.
पितळेची. हातानं कापलेली.
मधलं भोक वाटाण्याएवढं.
कारखान्याचं काम नव्हे हे, कडा घरच्या कानशीच्या,
आणि एका बाजूला खिळ्यानं कोरलेलं: एच.

"म्हाताऱ्यानं गळाच आवळला होता की हिचा," डगल हसला.
मला लगेच नाही हसता आलं.
बेचाळीस वर्षं,
तो वाकडातिकडा खाडीकाठचा रस्ता,
मागच्या सीटवर बायको,
आणि दोष कायम यंत्राचा.

शनिवारी चकती घेऊन गेले.
हेस्टरनं चष्मा पुसला, लावला, पुन्हा पुसला.
मी म्हटलं, काळजीपोटी केलं असेल.
"काळजी!
अल्व्हरस्टनच्या नाचाला आम्ही दर वेळी पोचायचो
तेव्हा वादक कोट चढवत असायचे.
ट्रॅक्टर पुढे जायचे आमच्या. ट्रॅक्टर!
आणि हा म्हणायचा, बिचारी दमते गं, समजून घे."

तिनं चकती करंगळीत घालून पाहिली.
नखापाशीच अडकली.
तशीच धरून बसली थोडा वेळ,
चहावर साय आली.

"तयार कधी होतेय?"
एप्रिल, मी म्हटलं, क्लचच्या प्लेटा यायच्यात.
"मे महिन्यात ऐंशी होतात मला."
मग बशीत चकती ठेवत, माझ्याकडे न बघता,
"ऐंशी जाईल?"
"उतारावर. वारा मागून असेल तर."

खाडीत पाणी भरत होतं, रेतीच्या कडेकडेनं, बिनआवाज.
"ते हेल्मेट आण परत," ती म्हणाली.
"उंदीर काढून."